ओवाळणी आणि वाटणी

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीपासून महाराष्ट्राच्या राजकारणात 'बहीण' या शब्दाला जो भाव आला आहे, तो यापूर्वी कधी आलेला नव्हता. दोन कोटींहून अधिक स्त्रियांच्या बँकखात्यांत दरमहा १५०० रुपये जमा करणाऱ्या योजनेने सत्ताधारी आघाडीला विजय मिळवून दिला, असे जिंकलेले म्हणतात आणि हरलेलेही म्हणतात. तेव्हा स्त्री आता अर्थकारणाच्या आणि सत्तेच्या केंद्रस्थानी आली, असा निष्कर्ष दोन्हीकडून काढला जातो. जोडीला इतर दाखले हात जोडून उभेच असतात. स्टेट बँकेच्या अध्यक्षपदी २०१३ साली प्रथमच एक स्त्री आली. सेबीची सूत्रे २०२२ साली प्रथमच स्त्रीच्या हाती गेली. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांच्या संचालक मंडळावर किमान एक स्त्री सक्तीची केली. महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखून ठेवण्याचा निर्णय २०११ साली झाला. यातला एकही दाखला खोटा नाही. परंतु प्रभाव आणि मालकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीच्या गाजावाजात दुसरीचा प्रश्न दडपला जात आहे, हे समाजवाद्यांनी तरी ओळखावयास हवे होते.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण तो आपल्याच मंडळींत फार फैलावला आहे. बायकांनी १५०० रुपयांना मते विकली, अशी टवाळी पुरोगामी म्हणविणाऱ्यांच्या बैठकांतून सर्रास ऐकू येते. ज्या मध्यमवर्गाला गृहकर्जाच्या व्याजावर करसवलत मिळते, ज्या साखर कारखानदारांच्या कर्जांना सरकार वर्षानुवर्षे थकहमी देते, त्यांनी मते विकली असे कोणी म्हणत नाही. मोलकरणीने, शेतमजूर स्त्रीने आपल्या खात्यातले पैसे काढून औषध आणले की मात्र लोकशाहीचा लिलाव झाल्याचा साक्षात्कार होतो! ही वर्गीय तुच्छता आहे आणि तिला समाजवादाचे वस्त्र शोभत नाही. पैसा थेट स्त्रीच्या हाती पडला की काय घडते, हे महाराष्ट्राने यापूर्वी पाहिले आहे. १९७७ साली संमत झालेल्या रोजगार हमी कायद्याखाली दुष्काळी तालुक्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने कामावर आल्या, कारण तेथे हजेरीपटावर त्यांचे स्वतःचे नाव होते आणि मजुरी पुरुषाइतकीच होती. तो पैसा कोणाच्या मर्जीचा नव्हता. तो कायद्याने मागता येत होता.

नेमका येथे फरक आहे. ओवाळणी किती घालायची, कोणाला घालायची आणि कधी बंद करायची, हे ओवाळून घेणारा ठरवतो. निवडणुकीत २१०० रुपयांचे आश्वासन दिले गेले. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात त्याचा पत्ता नव्हता. बहिणीने यावर दावा लावायचा कोठे? ओवाळणीसाठी न्यायालयात जाता येत नाही. वाटणीसाठी जाता येते.

आणि वाटणीची कथा निराळी आहे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हिस्सा देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ सालीच केली. पण त्यापूर्वी लग्न झालेल्या मुलींना तिने वगळले. २००५ साली संसदेने ती उणीव भरून काढून देशभर हा हक्क दिला, आणि बाप २००५ साली हयात असण्याची अट नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दिला. कायद्याच्या बाजूने आता फारसे काही मागावयाचे उरलेले नाही. तरीही तालुक्याच्या गावी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत कोणत्याही दिवशी जावे. भावाच्या मोटारसायकलीवर बसून आलेल्या बहिणी तेथे दिसतात. त्या हक्कसोडपत्रावर सही करावयास आलेल्या असतात. दस्तात ठरलेली वाक्ये असतात: राजीखुशीने, विनामोबदला, कोणाच्याही दडपणाखाली न येता. मुद्रांक शुल्क नाममात्र. त्या दिवशी बहिणीला लुगडे मिळते, हॉटेलात जेवण मिळते, आणि माहेरचा दरवाजा उघडा राहील असे न लिहिलेले आश्वासन मिळते. दोन एकर जमिनीच्या बदल्यात वर्षातून एकदा भाऊबीज! सरकारने आपल्या योजनेला बहिणीचे नाव दिले ते उगाच नव्हे. ज्या संस्कृतीत बहिणीचे लाड करून तिचा हिस्सा ठेवून घेण्याची रीत आहे, त्या संस्कृतीची नाडी सरकारने अचूक ओळखली आहे.

सातबारावर नाव असणे ही केवळ भावनेची बाब नाही. महाराष्ट्रात सत्तेचा जिना त्या कागदापासून सुरू होतो. जमीन असेल तर विविध कार्यकारी सोसायटीचे सभासदत्व, तेथून पीककर्ज. ऊस असेल तर कारखान्याचा भाग. सोसायटीतून जिल्हा बँक, कारखान्यातून जिल्हा परिषद आणि तेथून विधानसभा. ग्रामीण महाराष्ट्राचे तीन पिढ्यांचे नेतृत्व याच वाटेने आले. सहकारी संस्थांच्या संचालक मंडळांवर स्त्रियांसाठी दोन जागा राखीव असतात खऱ्या. पण मतदारयादी मुख्यतः जमीनधारकांची, म्हणजे पुरुषांची. ज्या यादीत आपले नाव नाही त्या यादीच्या कृपेने निवडून आलेली संचालिका कोणाच्या डोळ्यांकडे पाहून हात वर करील, हे सांगावयास नको. सरपंचबाईंच्या खुर्चीमागे उभ्या राहणाऱ्या पतिराजांची चेष्टा शहरातले लेखक हौसेने करतात. त्या पतिराजाच्या खिशात सातबारा आहे, एवढी साधी गोष्ट त्या विनोदात सुटून जाते.

सरकारच्याच एका हिशेबाने हे उघडे पडले आहे. केंद्र आणि राज्य यांच्या शेतकरी सन्मानाच्या दोन योजना मिळून जमीनधारक शेतकरी कुटुंबाला वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे महिना १००० मिळतात. ज्या स्त्रिया शेतकरी म्हणून हे पैसे घेतात त्यांना बहीण म्हणून १५०० मिळत नाहीत. फरकाचे ५०० तेवढे मिळतात. अशा स्त्रिया किती? २०२५ साली सरकारतर्फे सांगण्यात आलेला आकडा पावणेआठ लाखांच्या आसपास होता. दोन कोटींहून अधिक बहिणी, त्यांत शेतकरी म्हणून सरकारदप्तरी नोंदलेल्या पावणेआठ लाख! या योजना कुटुंबामागे एकालाच मिळतात आणि बहिणींत शहरातल्याही आहेत, तेव्हा हा काही मालकीचा काटेकोर मोजमाप नव्हे. परंतु कुटुंबात तो 'एक' कोण असतो, हे त्यावरून पुरेसे कळते. २०१५-१६ च्या कृषिगणनेतही देशातील वहितीधारकांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे १४ टक्केच होते. खुरपणी, कापूसवेचणी, भातलावणी कोण करते, हे शेतावर गेलेल्या कोणालाही ठाऊक आहे.

श्रमशक्तीच्या आकड्यांचे कौतुकही याच कारणाने जरा बेताने करावयास हवे. पंधरा वर्षांवरील स्त्रियांचा श्रमबाजारातील सहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्क्यांवर गेला, हे सरकारी पाहणी सांगते. वाढ मोठी आहे. पण काम करणाऱ्या या स्त्रियांपैकी एक तृतीयांशाहून अधिक जणी घरच्या शेतीत वा धंद्यात बिनपगारी मदतनीस आहेत. धंदा नवऱ्याचा वा सासऱ्याचा, राबणूक तिची, आणि सांख्यिकीत मात्र ती रोजगारप्राप्त. ऊसतोडीत तर याहून स्पष्ट व्यवस्था आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता; मुकादम उचल देतो ती पुरुषाच्या हाती; खाडा झाला तर दंड मात्र दोघांच्या डोक्यावर. खाडे टाळण्याच्या या धाकाचा आणि बीड जिल्ह्यातील स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा संबंध २०१९ साली चव्हाट्यावर आला, सरकारला समिती नेमावी लागली. अर्धा कोयता ही मजुरीच्या हिशेबात वेगळी न दिसणारी स्त्री आहे. आशा सेविकांचे उदाहरणही घ्यावे: २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला, आणि तरीही शासनाच्या लेखी त्या कामगार नव्हेत, मोबदल्यावर काम करणाऱ्या स्वयंसेविका.

एक गोष्ट मात्र स्त्रीच्या नावावर अगदी बिनतक्रार होते, ती म्हणजे कर्ज. गावोगाव हप्ते गोळा करीत फिरणाऱ्या सूक्ष्म वित्तसंस्थांच्या कर्जदार बहुतेक स्त्रियाच आहेत, कारण स्त्री हप्ता चुकवत नाही आणि गटातल्या शेजारणीची भीड तिला बांधून ठेवते. घरातील पैशाचे व्यवहार स्त्रीकडे आले, असे याचे वर्णन होते. कर्ज तिच्या नावावर आणि जमीन त्याच्या नावावर, असा हा व्यवहार आहे. आंध्र प्रदेशात २०१० साली या वसुलीचा कहर होऊन सरकारला वटहुकूम काढावा लागला, तेव्हाच त्याचे स्वरूप कळून चुकावयास हवे होते.

उलट ज्या थोड्या ठिकाणी मालकीचा प्रश्न सोडवला गेला तेथे काय झाले? १९५९ साली गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापडाचा उद्योग सुरू केला. लाटणारी प्रत्येक स्त्री तेथे मालकीण-सभासद असते आणि नफ्यात तिचा वाटा असतो. घरी बसून लाटण्याच्या उक्त्या मजुरीवर टीका करता येईल, पण नफा कोणा शेटजींच्या घरी जात नाही, एवढे कबूल करावे लागेल. मुंबईच्या कापडगिरण्यांत विसाच्या दशकात सुमारे एक पंचमांश कामगार स्त्रिया होत्या. पुढे यंत्रे सुधारली, बाळंतपणाच्या भत्त्याचा खर्च मालकांना नको झाला आणि त्यांना हळूहळू बाहेर काढण्यात आले. त्याच गिरणगावात खानावळी चालवून गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या स्त्रियांना प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले आणि सावकाराऐवजी राष्ट्रीयीकृत बँकेचे दार दाखविले. कर्ज तेथेही होते. पण धंदा त्यांचा होता.

आता आक्षेप. मुलींना वाटा दिला तर जमिनीचे तुकडे पडतील, असे शेतकरी नेते कळवळून सांगतात. चार भावांत वाटणी होताना हा कळवळा कोठे जातो? हुंड्यात तिचा वाटा गेलाच, असेही म्हटले जाते. हुंडा मंडपात आणि सासरच्या घरात जिरतो. जमीन दर हंगामाला पिकते आणि नावावर राहते. बीना अगरवाल यांनी एका सहकाऱ्यासह केरळमध्ये केलेली आणि २००५ साली प्रसिद्ध झालेली पाहणी सांगते, की मालमत्ता नसलेल्या विवाहित स्त्रियांपैकी ४९ टक्के जणींना नवऱ्याची मारहाण सोसावी लागली होती. जमीन व घर दोन्ही नावावर असलेल्यांत हे प्रमाण ७ टक्के होते. प्रतिष्ठेची व्याख्याने देऊन हा फरक पडलेला नाही.

परंतु सर्वांत चमत्कारिक आक्षेप आपल्याच शिबिरांतून येतो. खाजगी मालमत्ता नष्ट करणे हे समाजवादाचे ध्येय. मग तिच्यात बायकांचा हिस्सा मागणे म्हणजे भांडवलशाही मूल्ये रुजविणे नव्हे काय? एंगल्सचे १८८४ चे पुस्तक काखोटीला मारून हा प्रश्न विचारणाऱ्याच्या स्वतःच्या नावावर बहुधा बारा एकर बागायत असते. खाजगी मालमत्ता नष्ट होईपर्यंत ती पुरुषांकडेच राहावी, असा नियम एंगल्सने कोठे घालून दिलेला नाही. जयप्रकाशांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या छात्र-युवा संघर्ष वाहिनीने १९७८ पासून बोधगयेच्या मठाच्या जमिनीसाठी लढा दिला, तेव्हा लाठ्या खाण्यात स्त्रिया पुढे होत्या. जमीन मिळण्याची वेळ आली आणि त्यांनी ती आपल्या नावावर मागितली, तेव्हा घरच्या पुरुषांनी आणि अधिकाऱ्यांनी एकाच सुरात कुरकुर केली. कुटुंबप्रमुख पुरुषच, असा सरकारी कागदांचा परिपाठ होता. स्त्रिया अडून बसल्या आणि ऐंशीच्या दशकाच्या प्रारंभी काही गावांत त्यांच्या नावे जमिनी झाल्या. हा समाजवादी चळवळीचा स्वतःचा वारसा आहे. तो पक्षाच्या किती अभ्यासवर्गांत शिकविला जातो?

महाराष्ट्रात हे काम ज्याने हाती घेतले तो समाजवादी नव्हता, ही बोच राहते. खुल्या बाजाराचा पुरस्कार करणाऱ्या शरद जोशींनी १९८६ साली चांदवडला शेतकरी स्त्रियांचे विराट अधिवेशन भरविले आणि पुढे लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम दिला: नवऱ्याने आपल्या हाताने जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करावा, आणि ज्या गावात शंभर घरे असे करतील ते गाव लक्ष्मीमुक्त म्हणून जाहीर व्हावे. त्यांच्या अर्थशास्त्राशी समाजवाद्यांचे भांडण आजही शिल्लक आहे. पण त्या काळात आपले कार्यकर्ते स्त्रीमुक्तीवर परिसंवाद भरवीत होते आणि त्यांचे कार्यकर्ते तलाठ्याकडे खेटे घालीत होते.

पक्षाला यात करण्याजोगे पुष्कळ आहे आणि त्यासाठी सत्ता लागत नाही. हक्कसोडपत्राने होणाऱ्या फेरफारांची यादी ग्रामसभेत वाचून दाखविण्याची मागणी लावून धरता येईल. बहिणीला वाटणी मागावयाची असेल तर वकिलाचा आणि कोर्ट-फीचा भार तालुका समितीने उचलावा, तिचे माहेर तुटले तर कार्यकर्त्याच्या घरी तिची भाऊबीज व्हावी. पण त्याआधी घरचा हिशेब आहे. निवडणूक लढविणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला शपथपत्रात स्वतःची आणि पत्नीची मालमत्ता वेगवेगळ्या रकान्यांत लिहावी लागते. आपल्या उमेदवारांची शपथपत्रे चाळून पाहावीत: नवऱ्याच्या रकान्यात जमीन आणि घर, बायकोच्या रकान्यात तोळ्यांच्या हिशेबात सोने, असे किती निघतात ते मोजावे. ज्याच्या पत्नीचे नाव सातबारावर नाही आणि ज्याने बहिणीकडून हक्कसोडपत्र लिहून घेतले आहे, त्याला पक्षाची उमेदवारी नाही, असा ठराव पुढच्या राज्य अधिवेशनात यावा. पहिली हरकत कोणत्या जिल्ह्यातून येईल, हे राज्य समितीच्या सदस्यांना आजच ठाऊक आहे.