पाटी नको, मीटर दाखवा!

बेलापूर, नेरूळ, खारघर... नवी मुंबईत कुठेही फिरा, एखादा तरी 'ग्रीन कॅम्पस' दिसतोच. गेटवर हिरवी पाटी, गच्चीवर सोलर पॅनेल्स, माहितीपत्रकावर रोप लावणारे प्राचार्य. आणि इमारत? पश्चिमेकडे तोंड करून उभी असलेली पाच-सहा मजली काच!

माझं म्हणणं साधं आहे. ज्या कॅम्पसला आपला वीजवापर गेटवर लिहायची लाज वाटते, त्याने हिरवी पाटीही लावू नये.

आधी काचेबद्दल. थंड देशांत ऊन आत यावं म्हणून लोक धडपडतात, तिथे काच ठीक आहे. आपण १९ अंश अक्षांशावर. इथे दक्षिणेचं ऊन साध्या छज्जाने अडतं, कारण दुपारी सूर्य बराच वर असतो. पश्चिमेचं ऊन मात्र तिरपं आत घुसतं, तिथे छज्जाचं काही चालत नाही. अशा भिंतीला काच लावायची म्हणजे उष्णता आधी आत घ्यायची आणि मग एसी लावून बाहेर फेकायची. दोन्हीचे पैसे मुलांच्या फीमधून.

"पण आमच्याकडे सोलर आहे ना!" असं उत्तर येतं. चला, हिशोब करू. आपल्याकडे १ किलोवॉटचं पॅनेल दिवसाला साधारण ४ युनिट वीज देतं. म्हणजे १०० किलोवॉटचे ४०० युनिट, आणि त्याला गच्ची लागते जवळजवळ १०,००० चौरस फूट. आता १०० टनांचा एसी प्लांट घ्या. टनाला तासाला एक युनिट धरलं, तरी पूर्ण लोडवर ८ तासांत ८०० युनिट गेले. गच्चीने दोन दिवसांत कमावलेलं काचेने एका दिवसात उडवलं. फोटो मात्र गच्चीचाच छापणार :)

मागे एका कॉलेजात (नाव जाऊ दे) मुलांशी बोलायला गेलो होतो. एसी १८ वर, मुली ओढण्या गुंडाळून बसलेल्या, काचेतून ऊन येतं म्हणून पडदे ओढलेले आणि अंधार होतो म्हणून भर दुपारी सगळ्या ट्यूब चालू. स्टेजमागे बॅनर, 'सेव्ह एनर्जी'. एसीचं तापमान एक अंशाने वाढवलं की साधारण ६ टक्के वीज वाचते, असं बीईई सांगते. २०२० पासून स्टार लेबलवाले घरगुती एसी सुरू करताना २४ वर येतात तेही त्यासाठीच. तो आकडा १८ वर नेणारं बोट आपलंच असतं.

रेटिंग देणाऱ्या संस्थांवर माझा राग नाही. पण इमारत बांधताना मिळालेलं रेटिंग हे डिझाइनचं असतं. आपल्या भाषेत सांगायचं तर टेस्टिंग पास झालं, प्रॉडक्शनचं काय? कोणता क्लायंट नुसत्या टेस्ट रिपोर्टवर खूश होतो? आणि मोजायची पद्धत काही अवघड नाही. वर्षभराचे युनिट भागिले चौरस मीटर, झालं. बीईईने ऑफिस इमारतींसाठी २००९ मध्येच या हिशोबावर स्टार द्यायला सुरुवात केली. त्याच वर्षी न्यूयॉर्कने कायदा करून मोठ्या इमारतींचा ऊर्जावापर जाहीर करायला लावला, आणि २०२० पासून तर तिथे इमारतीच्या दारावर ग्रेड लावावी लागते.

आपल्याकडची मुलं या कसोटीवर उतरलीही आहेत. २०१४ मध्ये आयआयटी मुंबई आणि रचना संसदच्या विद्यार्थ्यांची 'टीम शून्य' फ्रान्समध्ये व्हर्सायला 'सोलर डेकॅथ्लॉन युरोप'मध्ये उतरली. त्या स्पर्धेतली ही पहिली भारतीय टीम. तिथे खरंखुरं घर उभारावं लागतं आणि गुण फक्त डिझाइनला नसतात. घरातलं तापमान किती, वीज किती बनली, किती खर्च झाली हे सगळं मोजलं जातं. विद्यार्थ्यांना मीटर लावायचा आणि संस्थेला नुसती पाटी, हा कुठला न्याय?

आणि कमी विजेत राहण्याचे धडे घ्यायला फ्रान्सला जायचीही गरज नाही. बेलापूरला चार्ल्स कोरियांचं आर्टिस्ट्स व्हिलेज १९८० च्या दशकापासून उभं आहे. बैठी घरं, मध्ये अंगण, वर मोकळं आकाश. वास्तुकलेचे विद्यार्थी ते बघायला येतात, वहीत स्केचेस काढतात आणि परत जाऊन काचेच्या वर्गात 'क्लायमेट'चा पेपर लिहितात!

कोणी म्हणेल, विद्यार्थी वाढले, लॅब वाढल्या, आकडा वाढणारच. मग तेही लिहा की! प्रत्येक इमारतीला वेगळा सबमीटर लावा, दर महिन्याला गेटवर आकडा लिहा, शेजारी मागच्या वर्षीचा लिहा आणि सगळा डेटा मुलांना प्रोजेक्टला द्या. सबमीटरचा खर्च एका वार्षिक गॅदरिंगच्या लायटिंगपेक्षा फार नसावा. आकडा वाईट निघाला तरी हरकत नाही, निदान काय दुरुस्त करायचं ते तरी कळेल.

तर मंडळी, पुढच्या वेळी कॉलेजचं माजी विद्यार्थ्यांचं आमंत्रण आलं, देणगीचं पाकीट पुढे आलं, तर एवढंच विचारा. "सर, गेल्या वर्षी चौरस मीटरला किती युनिट?" आकडा मिळाला तरच चेक लिहा.