चहाला जमीन-समुद्राचा नियम लावू नका

समुद्रमार्गे गेला तो ‘टी’ आणि खुष्कीच्या मार्गाने गेला तो ‘चाय’, हे सूत्र चहाच्या जगप्रवासाचा नकाशा दाखवताना हमखास सांगितले जाते. ते लक्षात राहायला सोपे आहे, पण अर्धेच खरे आहे. रशियाला चहा मंगोलिया-सायबेरियातून उंटांच्या तांड्यांनी मिळाला. चीनशी झालेल्या १७२७च्या क्याख्ताच्या तहाने तो व्यापार स्थिरावला आणि रशियनमध्ये ‘चाय’ राहिला. चेक, सर्बियन, बल्गेरियन हे भाषाबंधूही ‘चाय’च म्हणतात. पोलिश मात्र ‘हेर्बाता’ म्हणतात, लॅटिन ‘हेर्बा थेआ’वरून. या ‘थेआ’चे मूळ चीनच्या फुजियान किनाऱ्यावरच्या ‘ते’ या उच्चारात आहे. तो डच व्यापाऱ्यांनी पश्चिम युरोपात नेला. त्याच पोलिशमध्ये किटलीला म्हणतात ‘चायनिक’, आणि हा शब्द रशियनमधून आलेला. चुलीवरचे भांडे एका वाटेने आले आणि त्यातले पेय दुसऱ्या वाटेने.

सूत्राला खरा तडा जातो तो पोर्तुगीजांमुळे. त्यांनी १५५७च्या सुमारास मकावला ठाणे मांडले, तिथला ‘चा’ हा उच्चार उचलला आणि गलबतांतून लिस्बनला नेला. संपूर्ण प्रवास समुद्रावरचा, तरी शब्द ‘ते’ नव्हे. ठाण्यातल्या वर्तकनगरच्या टपरीवर जो ‘चहा’ मागितला जातो, त्याचा विचार इथूनच सुरू व्हायला हवा, कारण हेच पोर्तुगीज मराठ्यांनी १७३७मध्ये ठाणे जिंकेपर्यंत सुमारे दोनशे वर्षे इथे राज्य करत होते, आणि बटाटा, पाव, पगार, चावी हे शब्द मराठीला त्यांच्याकडूनच मिळाले. कोणी म्हणेल, चहा फारसीतून, म्हणजे जमिनीवरूनच आला असेल. तो मार्ग नाकारता येत नाही. पण फारसी आणि हिंदी ‘चाय’च्या शेवटी असलेला ‘य’ मराठी ‘चहा’त नाही, गुजराती ‘चा’तही नाही, आणि पोर्तुगीज शब्दातही नाही. एवढ्यावरून व्युत्पत्ती सिद्ध होत नाही, हे मान्य. पण किनाऱ्यावरच्या भाषांचे हे साम्य झटकून टाकण्याजोगेही नाही. आणि मराठी शब्द उद्या फारसीतूनच आल्याचे ठरले, तरी मकाव ते लिस्बन हा समुद्रप्रवास काही पुसला जात नाही. दुसरा आक्षेप असा की, चहाची सवय आपल्याला इंग्रजांनी लावली. सवय लावली खरी, मग घरोघरी ‘टी’ का रुजला नाही? शब्द त्याआधीच इथे पोहोचला होता, हेच उत्तर मला पटते. म्हणून शाळेत मुलांना नकाशा दाखवायचाच असेल, तर त्यावर जमीन आणि समुद्र असे दोन रंग नकोत. मकाव, फुजियान आणि क्याख्ता ही तीन नावे लिहावीत.