वायुमापकाचा काटा कोणासाठी?

हवेत कोणता वायू किती प्रमाणात आहे हे सांगणारी यंत्रे मोठ्या कारखान्यांत दीर्घकाळ वापरात आहेत. त्यांची तत्त्वे सामान्य कामगाराला न समजण्याइतकी गहन नाहीत. कार्बन मोनॉक्साइड आणि मिथेन अवरक्त किरणांचा ठरावीक भाग शोषून घेतात. किती शोषण झाले यावरून त्यांचे प्रमाण कळते. प्राणवायू चुंबकाकडे ओढला जातो. त्या ओढीवरून तो मोजता येतो. हायड्रोजन सल्फाइड रासायनिक घटात शिरला की त्याच्या प्रमाणात वीज वाहू लागते. विज्ञानाने आपले काम केले आहे. प्रश्न आहे तो हे यंत्र कोठे बसवायचे आणि त्याचा काटा कोणी वाचायचा, हे ठरविणाऱ्या सत्तेचा.

बॉयलरच्या धुराड्यात प्राणवायू जास्त आढळला, तर जादा हवेबरोबर उष्णता वाया जात आहे असे समजावे. फार कमी आढळला, तर इंधन अर्धवट जळत आहे. दोन्ही प्रकारांत मालकाचा पैसा जळतो. म्हणून तेथे मापक तत्परतेने बसतो व त्याची निगाही राखली जाते. जेथे केवळ माणसाचा जीव वाचायचा असतो, तेथे मात्र खर्चाचा हिशेब आडवा येतो.

या हिशेबाची किंमत भोपाळने मोजली. युनियन कार्बाइडच्या कारखान्यात मिथाइल आयसोसायनेटची गळती ओळखण्याची भिस्त कामगारांच्या झोंबणाऱ्या डोळ्यांवर होती. या विषारी वायूची कामाच्या जागेसाठी सांगितलेली मर्यादा हवेच्या दहा लाख भागांत ०.०२ भाग एवढी, आणि डोळ्यांतून पाणी येते ते सुमारे २ भागांना. म्हणजे डोळा इशारा देतो तो मर्यादा शंभरपटीने ओलांडल्यावर! २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री हजारोंनी प्राण गमावले, त्याआधी कामगारांच्या शरीरालाच मापक बनविण्यात आले होते.

गटारांत आणि मलटाक्यांत उतरणाऱ्या सफाई कामगाराचे दैव आजही याहून फारसे निराळे नाही. तेथील हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो. पण दहा लाखांत सुमारे १०० भाग झाले की नाकच बधिर होते. वास गेला म्हणजे धोका टळला असे वाटते, तेव्हाच मृत्यू जवळ आलेला असतो. माणसाला असे उतरविण्याविरुद्ध २०१३ साली कायदा झाला. तरीही कंत्राटदार बिनदिक्कत दोर सोडतो, आणि हातात धरता येण्याजोगा मापक कोणाच्या तरी कपाटात राहतो.

यंत्र बसविले म्हणजे जबाबदारी संपली, असेही मानून चालणार नाही. घट झिजतात, ज्वलनशील वायू ओळखणारा संवेदक सिलिकोनच्या वाफांनी निकामी होऊन धोक्यातही शून्य दाखवू शकतो. ठाऊक असलेल्या प्रमाणाचा वायू सोडून त्याची वेळोवेळी परीक्षा घ्यावीच लागते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ मध्ये अतिप्रदूषक अशा १७ प्रकारच्या उद्योगांना अखंड मोजणीची यंत्रे बसविण्याचे निर्देश दिले. ते स्वागतार्हच होते. पण ती मोजणी धुराड्यातून व सांडपाण्यातून बाहेर पडणाऱ्या घाणीची. पाळीवरील कामगार जी हवा श्वासात घेतो तिची नव्हे.

म्हणून कामगार संघटनांनी वेतनवाढीच्या मागण्यांबरोबरच आणखी तीन मागण्या ठामपणे मांडल्या पाहिजेत. मापकाचे आकडे प्रत्येक विभागात मराठीतून लावावेत. त्याच्या परीक्षेची नोंदवही कामगार प्रतिनिधींसाठी खुली असावी. आणि इशारा वाजताच काम थांबवून बाहेर पडण्याचा हक्क कंत्राटी मजुरालाही, रोजंदारी न कापता, मिळावा. काट्यावर मालकाचीच नजर असेल तर तो इंधन वाचवील. त्यावर कामगाराचाही हक्क प्रस्थापित झाला, तरच तो माणूस वाचवील.