कीड ओळखायची कोणी?

पिकांवर फवारायच्या विषाला मराठीत सर्रास ‘औषध’ म्हटले जाते. हा शब्दप्रयोग वाटतो तितका निरुपद्रवी नाही. औषध म्हटले की आधी रोगाचे निदान आले, निदान करणारा जाणकार आला आणि त्याने ठरवून दिलेली मात्रा आली. शेतीच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी पुष्कळदा एकाच ठिकाणी, म्हणजे विक्रीच्या दुकानात, उरकल्या जातात. शेतकरी चुरडलेले पान किंवा किडके बोंड घेऊन दुकानाची पायरी चढतो. पलीकडचा माणूस ते निरखतो आणि मागच्या फळीवरची बाटली पुढे करतो. विक्रेत्याला विषयाचे किमान शिक्षण असले पाहिजे, असा नियम केंद्र सरकारने केला आहे व तो योग्यच आहे. परंतु सुशिक्षित विक्रेता हाही अखेर विक्रेताच असतो. ‘यावर काही फवारू नका, चार दिवस थांबा’ हा सल्ला त्याच्या तोंडून कितीदा निघावा, अशी आपण अपेक्षा करणार?

आणि हाच सल्ला अनेकदा सर्वांत शास्त्रशुद्ध असतो. तो न मिळाल्याची किंमत किती जबर असू शकते, हे २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात दिसले. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन त्या हंगामात वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मरण पावले आणि शेकडो जणांना रुग्णालये गाठावी लागली. डोक्याएवढी वाढलेली कपाशी, अंगावर संरक्षक साधने नाहीत आणि पंपात एकाहून अधिक विषांचे मिश्रण, अशी कारणे त्या वेळी चर्चिली गेली. त्या सर्वांच्या मुळाशी आणखी एक कारण होते: समोरची कीड कोणती, ती किती आहे आणि तिला खरोखर विष लागते काय, हे स्वतः ठरविण्याचे साधन फवारणाऱ्याच्या हाती नव्हते.

ओळख आणि मोजणी

एकात्मिक कीड व्यवस्थापन ही संकल्पना याच प्रश्नातून जन्मली. १९५९ साली कॅलिफोर्नियातील चार कीटकशास्त्रज्ञांनी असे मांडले की, शेतात कीड दिसणे आणि तिच्यामुळे आर्थिक नुकसान होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. किडीची संख्या एका ठराविक पातळीला पोहोचेपर्यंत निसर्गातील तिच्या शत्रूंना त्यांचे काम करू द्यावे. भारताने १९८५ मध्ये पीक संरक्षणाचे धोरण म्हणून ही पद्धत स्वीकारली. आपल्या कृषी विद्यापीठांच्या शिफारशींतही ती आहे. कपाशीच्या पानामागे तुडतुड्यांची सरासरी दोन-तीन पिल्ले आढळली तरच उपाय योजावा. गुलाबी बोंडअळीचे आठ पतंग प्रत्येक कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री सापडले, तर धोका समजावा. नियम साधे आहेत. पण ते पाळायचे तर तुडतुडा कोणता आणि फुलकिडा कोणता हे ओळखता आले पाहिजे. ओळखीशिवाय मोजणी नाही आणि मोजणीशिवाय संयम नाही.

ही ओळख शब्दांनी होत नाही, चित्रानेच होते. शासनालाही हे मान्य असावे; म्हणून तर कीटकनाशकाच्या वेष्टनावर लाल, पिवळा, निळा वा हिरवा त्रिकोण छापणे सक्तीचे आहे. अक्षर न वाचणाऱ्यालाही विषाची तीव्रता रंगावरून कळावी, हा त्यामागील हेतू. विषाच्या बाबतीत जे केले, तेच किडीच्या बाबतीत का होऊ नये?

चित्रे आहेत, पण कोणासाठी?

चित्रांचा तुटवडा आज मुळीच नाही. अमेरिकेतील जॉर्जिया विद्यापीठाच्या ‘बगवुड’ या भांडारात किडी, रोग व तणांची लाखो छायाचित्रे इंटरनेटवर खुली आहेत आणि छायाचित्रकाराचे नाव दिल्यास ती शिक्षणासाठी विनामूल्य वापरता येतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाने पीकवार सचित्र माहिती मांडून ठेवली आहे. बंगळूरच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोने भारतीय पिकांवरील कीटकांची सचित्र सूची तयार केली आहे. कोणत्याही शिक्षकाला हेवा वाटावा असे हे धन आहे, आणि ज्यांनी ते सर्वांना मोकळे केले त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे.

तरीही फुलंब्रीच्या किंवा सिल्लोडच्या शेतकऱ्याला, अथवा तेथील शाळेतील विज्ञानाच्या शिक्षकाला, या धनाचा उपयोग किती? पहिली अडचण भाषेची. ही भांडारे इंग्रजी व लॅटिन नावांनी लावलेली आहेत. ज्याला किडीचे नाव ठाऊक आहे त्यालाच तेथे तिचे चित्र सापडते; आणि नाव ठाऊक नाही हीच तर आपली मूळ अडचण. दुसरी अडचण स्थळाची. कपाशीच्या बोंडावरील कीड शोधू गेल्यास अमेरिकी संग्रहांत सोंडेचा एक करडा भुंगा हटकून समोर येतो. तेथील कापसाचा तो जुना वैरी आहे. पण भारतात तो नाहीच! मराठवाड्यातील विद्यार्थ्याने त्याला आपला शत्रू मानले, तर दोष विद्यार्थ्याचा नव्हे.

तिसरी अडचण अधिक गंभीर आहे. संग्रहांत शत्रू ठळक असतात, मित्र मागे पडतात. ढालकिड्याचा लाल, ठिपकेदार प्रौढ सर्वांना माहीत असतो. परंतु त्याची काळपट, काटेरी अळी पाहून ‘ही कोणती नवी कीड?’ असा प्रश्न पडतो आणि पंप पाठीवर चढतो. वस्तुतः मावा फस्त करण्यात ती प्रौढाच्या मागे नसते. कपाशीवरील पिठ्या ढेकणाची कथा तर प्रत्येक पाठ्यपुस्तकात यावी अशी आहे. २००६ नंतरच्या दोन-तीन वर्षांत या परक्या किडीने गुजरात, पंजाब आणि महाराष्ट्रातही कपाशी बेजार केली. विषाचे अनेक फवारे झाले. पण तिला आवर घालण्यात मोठा वाटा उचलला तो एका इवल्याशा गांधीलमाशीवर्गीय परोपजीवी कीटकाने. २००९ साली शास्त्रीय नामकरण करताना त्याला डॉ. बंबावाले या शास्त्रज्ञाचे नाव देण्यात आले होते. हा कीटक ढेकणाच्या शरीरातच वाढतो. त्याने पछाडलेला ढेकूण टणक व तांबूस-तपकिरी होऊन झाडाला चिकटून राहतो. ज्याला ही खूण माहीत आहे तो समाधानाने घरी परततो. ज्याला माहीत नाही त्याला ढेकूण अजून शिल्लक दिसतो आणि तो पुन्हा फवारणी करून आत वाढणाऱ्या मित्राचाच नाश करतो. एका चित्राचा फरक तो एवढा.

चित्र काय करू शकते, याचे उदाहरण अमेरिकन लष्करी अळीने दिले. २०१८ च्या मध्यास ती कर्नाटकात प्रथम आढळली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातील मक्यापर्यंत पोहोचली. डोक्यावर उलट्या इंग्रजी ‘वाय’ अक्षराची खूण आणि शेपटीकडे चौकोनात मांडलेले चार ठिपके ही तिची लक्षणे एकदा चित्रात पाहिली की शाळकरी मूलही विसरत नाही. मक्याच्या पोंग्यात डोकावून हे मूल जे सांगेल, ते सांगायला कोणताही अधिकारी गावात यावा लागत नाही.

परंतु चित्राची मर्यादाही ओळखली पाहिजे. गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत असते. वरून बोंड निरोगी दिसते. तिच्यासाठी न उमललेली डोमकळी शोधावी लागते, सापळ्यातील पतंग मोजावे लागतात, एकरी वीस हिरवी बोंडे तोडून चिरावी लागतात आणि त्यांत दोन किडकी निघाली तर सावध व्हावे लागते. फरदड घेऊ नये, हे तर चित्राने सांगताच येत नाही. इंडोनेशियाने १९८६ मध्ये भातावरील ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली, कारण अतिफवारणीने तपकिरी तुडतुडा अधिकच माजला होता. पण एवढ्यावर न थांबता १९८९ पासून तेथे शेतकऱ्यांच्या शेतीशाळा बांधावर भरू लागल्या. चित्राने माणसाला शेतात पाठवावे, शेतातून हलवू नये.

नव्या साधनांकडेही याच कसोटीने पाहावे लागेल. महाराष्ट्राने २००९-१० पासून ‘क्रॉपसॅप’ या नावाने कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प चालविला आहे. केंद्राने १५ ऑगस्ट २०२४ रोजी राष्ट्रीय कीड सर्वेक्षण प्रणाली सुरू केली. तीत मोबाइलवर काढलेल्या छायाचित्रावरून यंत्र किडीचे नाव सांगते. दोन्ही उपक्रम स्वागतार्ह आहेत. मात्र माहिती गावातून वर जाते आणि वरून आदेशवजा संदेश खाली येतो, एवढ्याने शिक्षण होत नाही. यंत्राने नाव सांगितले. का थांबावे हे कोण सांगणार? आणि उद्या कीड ओळखणारा व विष विकणारा एकाच पडद्यावर बसला, तर दुकानाची फळी खिशात आली, एवढाच बदल होईल.

काय करता येईल?

म्हणून गरज आहे ती मराठीतील एका खुल्या, सार्वजनिक चित्रसंग्रहाची. तो उभारण्याचे उत्तरदायित्व १९७२ पासून मराठवाड्याची शेती अभ्यासणाऱ्या परभणीच्या कृषी विद्यापीठाने, कृषी विज्ञान केंद्रांना सोबत घेऊन, स्वीकारावे. प्रत्येक किडीचे अंडी, अळी, कोष व प्रौढ या सर्व अवस्थांतील चित्र असावे आणि खरा आकार कळावा म्हणून शेजारी परिचित वस्तू असावी. शत्रूच्या बाजूला त्याचा मित्रकीटकही असावा. पीक, तालुका व तारीख नोंदलेली असावी. बोलीतील नावे वगळू नयेत. फवारणी केव्हा करावी याच्या आधी केव्हा करू नये, हे छापावे. संग्रहात कोणत्याही उत्पादनाची जाहिरात नसावी आणि कोणत्याही ग्रामपंचायतीला वा शाळेला तो मुक्तपणे छापून भिंतीवर लावता यावा. कारण संपर्काची लहर जेथे पोहोचत नाही, तेथेही कीड पोहोचते.

एवढी चित्रे कोण काढणार, असे विचारले जाईल. कृषी पदवीचे विद्यार्थी ग्रामीण कार्यानुभवासाठी दरवर्षी खेड्यांत जाऊन राहतात. बहुतेकांच्या हाती कॅमेरा असलेला फोन असतो. प्रत्येकाने शेताच्या बांधावर काढलेली, प्राध्यापकांनी तपासलेली दहा छायाचित्रे जमा केली, तर काही वर्षांत परदेशी संग्रहांना नसलेली एक गोष्ट आपल्यापाशी असेल, ती म्हणजे आपली शेते. शाळांनीही यात मागे राहू नये. फुलपाखराचे जीवनचक्र फळ्यावर काढणारा विद्यार्थी शाळेमागच्या तुरीवरील शेंगा पोखरणारी अळी ओळखत नसेल, तर ते शिक्षण अपुरे होय.

हा प्रश्न केवळ खेड्याचा आहे, अशी समजूत शहरवासीयांनी करून घेऊ नये. शहागंजच्या घड्याळाच्या परिसरात संध्याकाळी भाजी निवडणारे आपण शिक्षक, कारकून, विद्यार्थी काय पाहतो? वांग्याला छिद्र नको, कोबीच्या पानाला डाग नको. गिऱ्हाइकाचा हा आग्रह व्यापाऱ्यामार्फत शेतापर्यंत जातो आणि तेथे फवाऱ्यांच्या संख्येत उतरतो. शेंडे व फळे पोखरणाऱ्या अळीच्या धास्तीने वांग्यावर वारंवार विष मारले जाते, त्यात आपल्या निवडीचा वाटा आहे. एक किडके वांगे कापून टाकता येते. पण न दिसणारा विषाचा अंश कापून टाकता येत नाही. ही साधी गोष्ट कळण्यासाठी शहरातील मुलांनाही त्या अळीची ओळख हवी.

ज्याच्या हाती ओळख, त्याच्या हाती निर्णय. आज तो निर्णय विकणाऱ्याच्या हाती आहे. तो शेतात राबणाऱ्याच्या हाती यावा, एवढीच ही मागणी. त्यासाठी नवे संशोधन लागत नाही, परदेशी तंत्रज्ञान लागत नाही, फार मोठा निधीही लागत नाही. येत्या खरिपापूर्वी केवळ कपाशी, मका व तूर या तीन पिकांचा संग्रह जरी विद्यापीठाने सिद्ध केला आणि जिल्हा परिषदेने त्याचे तक्ते शाळाशाळांतून लावले, तरी सुरुवात योग्य दिशेने झाली असे म्हणता येईल.