दातोगा सुनांचे शब्द
नायलोटिक भाषाकुळाच्या दक्षिण शाखेतली ओमोटिक-दातोगा ही छोटी फांदी. त्यातली केनियातली ओमोटिक जवळजवळ संपलीच. तिची माणसं मासाई बोलू लागली. दातोगा मात्र उत्तर टांझानियात, हानांग डोंगर आणि एयासी सरोवराच्या आसपास, गुरं राखणाऱ्यांच्या तोंडी नांदते आहे. तिथल्या सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, हे आपल्याला ओळखीचं वाटेल. पण तिला त्या नावाशी मिळतेजुळते रोजचे शब्दही वर्ज्य! त्यांच्या जागी बायकांनी ठरलेले दुसरे शब्द वापरायचे. लेकरं ते आईच्या तोंडून ऐकतच वाढतात. मला हे शब्दभांडार फार मोलाचं वाटतं. कोशकार नुसत्या पुरुषांपाशी बसला, तर ते वहीबाहेरच राहील.