बिदरीचा काळा रंग

यंदा दिवाळीच्या साफसफाईत माझ्या हातून एक गुन्हा घडला. माझं माहेर उदगीरचं. तिथून बिदर म्हणजे सकाळी जाऊन संध्याकाळी परत यावं इतकं जवळ. लग्नात आईने दिलेली बिदरी डबी अल्फारेटाच्या या घरात वीस वर्षं शोकेसमध्ये आहे. तिच्यावरची चांदीची वेल काळवंडली होती, म्हणून मी सिंकपाशी उभी राहून चांदीच्या पॉलिशने डबी खसाखसा घासली. चांदी लखलखली, पण भोवतीचा काळा रंग उडाला आणि खालचं राखाडी जस्त वर आलं. आता वेल शोधावी लागते!

तो काळा म्हणजे रंग नव्हेच. बिदरीचा धातू जस्ताचा, त्यात थोडं तांबं. ओतून झाल्यावर भांडं घासतात आणि मोरचूद लावून तात्पुरतं काळं करतात, म्हणजे नक्षीची रेघ दिसते. मग छिन्नीने खाचा पाडून त्यांत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतात आणि कानशीने सपाट करतात. शेवटी बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांचा लेप गरम भांड्यावर चोळतात. जस्ताचा पृष्ठभाग काळाभोर होतो, चांदीला मात्र काही होत नाही. सगळा खेळ त्या मातीचा.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये बिदरी हुक्क्याची भांडी आहेत, आणि चिनी दालनात कमरपट्ट्याचे कांस्याचे आकडेही. त्यांतले काही इसवी सनापूर्वीच्या चौथ्या-तिसऱ्या शतकातले. त्यांवरही खाचेत सोनं-चांदी बसवून वरून घासून सपाट केलेलं. हान राजपुत्र ल्यू शंग इ.स.पू. 113 मध्ये वारला. त्याच्या थडग्यात 1968 साली डोंगराच्या आकाराचं एक धूपपात्र सापडलं, त्यावरही सोन्याच्या रेषा आहेत. त्या कारागिरांनी कांस्य बहुधा चकचकीतच ठेवलं असेल. आज अशा वस्तूंवर दिसणारी हिरवट झाक जमिनीत शतकानुशतकं पडून आलेली, आणि संग्राहक तीच जिवापाड जपतात. आमच्या बिदरच्या कारागिराने मात्र मातीकडून तेच काम काही मिनिटांत करून घेतलं. मी ते त्याहून कमी वेळात पुसलं.

तेव्हा मंडळी, घरात बिदरी असेल तर पॉलिश, पितांबरी, चिंच, लिंबू, काही लावू नका. कोरडं मऊ फडकं, आणि फार तर खोबरेल तेलाचा एक थेंब.

भावाला फोन केला. तो म्हणाला, "आक्के, घेऊन ये, बिदरला परत लेप देतात." डिसेंबरात जाणार आहे. डबी हँडबॅगेतच ठेवीन.