तेराव्या मैलाच्या पुढे

मार्च संपत आला की आमच्या शहरात दोन चौकश्या सुरू होतात. सकाळी टाकीत पाणी किती उरले याची, आणि संध्याकाळी यंदा बर्फ पाहायला कुठे जायचे याची. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येण्याची वर्षे छत्रपती संभाजीनगरने काढली आहेत. अशा गावची माणसे गोठलेले तळे पाहायला हिमालयात जातात, यात हसण्यासारखे काही नाही. तहानलेल्याला पाण्याचीच स्वप्ने पडायची.

मी बँकेत होतो तेव्हा हा प्रवास 'एलएफसी'वर होई. 31 मार्चचे क्लोजिंग आटोपले, ताळेबंद जुळला, की अधिकारी मंडळी सहकुटुंब गंगटोक नाही तर मनाली गाठत. गंगटोकहून सुमारे 40 किलोमीटरवरचे त्सोमगो, म्हणजे आपल्या लोकांचे छांगू, 12,000 फुटांहून उंचावर आहे. हिवाळ्यात थिजलेले हे तळे वसंत लागला तरी लगेच मोकळे होत नाही. जवाहरलाल नेहरू मार्गाने चढताना वळणागणिक झाडे खुजी होत जातात, पुढे नाहीशीच होतात आणि डोंगरांच्या ओंजळीत ते पांढरे तळे एकाएकी समोर येते. गाडीतली बडबड थांबते. माझीही थांबली होती.

याच रस्त्यावर 4 एप्रिल 2023 रोजी हिमकडा कोसळला आणि सात पर्यटक प्राणास मुकले. परवाने 13व्या मैलापर्यंतचेच होते, माणसे मात्र 15व्या मैलापर्यंत गेली होती, असे पोलिसांनी तेव्हा सांगितले. दोष कोणाला द्यावा? चालकाचे वर्ष चार महिन्यांच्या हंगामावर चालते. पर्यटक म्हणतो, एवढ्या लांबून आलो, आता दोन मैलांसाठी काय परत फिरायचे? हे वाक्य माझ्या ओळखीचे आहे. कर्जाच्या फायलींवर 'एवढ्यापुरते चालेल' म्हणून मीही सह्या केल्या आहेत. बुडालेल्या कर्जांपैकी बरीच अशाच दोन मैलांनी बुडाली.

पण प्रश्न एका अपघातापुरता नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या 3 आणि 4 तारखांदरम्यानच्या रात्री उत्तर सिक्कीममधले दक्षिण ल्होनाक हे हिमनदीचे तळे फुटले. तीस्तेच्या लोंढ्याने चुंगथांगचे धरण वाहून नेले आणि खालची गावे उद्ध्वस्त केली. हिमनद्या वितळून मागे सरतात, त्यांच्या पायथ्याची तळी फुगतात आणि एखादा कडा ढासळला की सैल दगडमातीचा बांध टिकत नाही. आपण ज्याला देखावा म्हणतो, त्याच्या खाली राहणाऱ्यांना ती टांगती तलवार आहे.

बर्फ ही हिमालयाची मुदत ठेव. हिवाळ्यात साठते आणि उन्हाळाभर थेंबाथेंबाने परत मिळते. आपल्या गोदावरीचे चालू खाते: पावसाने भरायचे आणि नाथसागरात जे अडेल त्यावर वर्ष काढायचे. ते खाते आटले की काय होते, हे एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरला विचारावे. गंमत अशी, की ज्या लडाखचे पँगाँग 'थ्री इडियट्स'नंतर घरोघरी पोचले, तिथल्या खेड्यांतही एप्रिल-मेमध्ये, नेमके पेरणीच्या वेळी, पाणी अपुरे पडते. म्हणून सोनम वांगचुक यांनी हिवाळ्यातले वाया जाणारे पाणी गोठवून बर्फाचे स्तूप उभारण्याची युक्ती काढली. त्या खेड्यांची तहान आपल्याच जातीची आहे. आणि आपण तिथल्या हॉटेलात उतरतो, तेव्हा मागतो काय? चोवीस तास गरम पाणी आणि फ्लशचा संडास. जिथे पिढ्यानपिढ्या कोरड्या संडासावर भागले.

तेव्हा जाऊच नये का? जरूर जावे. पर्यटनावर तिथली घरे चालतात, आणि कोरड्या मुलखातल्या माणसाने एकदा तरी बर्फ डोळे भरून पाहावा. मात्र बादलीभर पाण्यात भागवण्याची आपली सवय तिथे सोबत न्यावी. सरकारनेही रस्ते रुंद करताना त्यांवर रोज किती गाड्या सोडायच्या, याचा आकडा ठरवून पाळावा. आणि 13व्या मैलावर थांबा म्हटले, तर थांबावे. तिथून तळे दिसणार नाही, हे खरे. पण परत येऊन टाकीतले पाणी मोजायला आपण घरी असू.